‘शाळा’ कोणत्या इयत्तेत वाचावी?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ मध्ये गिरगावातील खटाववाडीच्या मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ती मराठी घरांत एका अडचणीसह वावरत आली आहे. कादंबरीचा नायक नववीत शिकतो, तिची भाषा शाळकरी मुलांची आहे, तिच्यातील तुकड्या, मधली सुट्टी, परीक्षा आणि प्रगतिपुस्तक हे सारे बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या रोजच्या परिचयाचे आहे; तरीही ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही. प्रौढ वाचकांनी तिच्यावर जीव टाकला तो स्वतःची शाळा आठवली म्हणून, तर मुलाच्या हाती ती पडते तेव्हा त्याला आठवण्यासारखे अजून काही मागे पडलेलेच नसते. ‘शाळेवरचे पुस्तक आहे, वाचू दे’ असे म्हणणारे पालक आणि ‘त्यात शिव्या आहेत, आत्ता नको’ असे म्हणणारे पालक या दोघांचीही गफलत येथेच होते, आणि बहुतेक वेळा दोघांनीही पुस्तक उघडलेले नसते. उच्च प्राथमिक टप्प्यातील, म्हणजे सहावी ते आठवीतील, मुलांना ही कादंबरी द्यावी का, द्यायची तर कधी आणि कोणत्या तयारीनिशी, याचा विचार या लेखात केला आहे. निमित्त एका कादंबरीचे असले तरी हीच फूटपट्टी त्या जातीच्या इतर पुस्तकांनाही लावता येते.

ही जात कोणती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. लहान वयातील व्यक्ती काही अनुभवांतून जाते आणि शेवटी ती सुरुवातीला होती तशी राहत नाही, अशा कथानकाच्या कादंबरीला जर्मन समीक्षेत ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हणतात. मराठीत तिला ‘घडणीची कादंबरी’ म्हणता येईल. गटे याची ‘विल्हेल्म माइस्टर’ ही अठराव्या शतकाच्या अखेरची कादंबरी या प्रकाराचा आद्य नमुना मानली जाते. मुलांच्या नेहमीच्या वाचनातील साहसकथा या प्रकारात मोडत नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तक संकटांतून सुटतो, चोर पकडतो, सीमेवर जाऊन येतो, पण त्याचे वय आणि स्वभाव जिथल्या तिथे राहतात, आणि वाचणाऱ्या मुलाला नेमका तोच दिलासा हवा असतो. घडणीची कादंबरी हा दिलासा काढून घेते. तिच्यात नायक काहीतरी गमावतो, आणि जे गमावले ते परत मिळणार नाही हे त्याला कळते. म्हणून साहसकथा वाचणारे मूल केवळ भराभर वाचते एवढ्यावरून ते या प्रकारासाठी तयार झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

‘शाळा’चे कथानक सांगायला सोपे आहे. मुंबईच्या जवळच्या एका वाढत्या गावात, आणीबाणीच्या काळात, मुकुंद जोशी नावाचा मुलगा नववीचे वर्ष काढतो. सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या हे त्याचे मित्र. बांधकाम अर्धवट राहिलेली एक इमारत हा त्यांचा अड्डा. वर्गातील शिरोडकर ही मुलगी हा त्याच्या साऱ्या वर्षाचा केंद्रबिंदू. वर्ष संपते, शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंद दहावीच्या उंबरठ्यावर एकटा उरतो. एवढ्या कथानकात आक्षेपार्ह काय, असे कोणालाही वाटावे. कादंबरीचे खरे बळ, आणि कोवळ्या वाचकाच्या दृष्टीने तिची खरी अवघड जागा, निवेदनात आहे. सारे काही मुकुंदच सांगतो. तो हुशार आहे, गमत्या आहे आणि वाचकाला चटकन आपलासा करतो. पण तो जे सांगतो ते सगळेच बरोबर असते असे नाही. मित्रांबद्दलचे, बहिणीबद्दलचे, शिक्षकांबद्दलचे आणि मुलींबद्दलचे त्याचे शेरे हे नववीतल्या मुलाचे शेरे आहेत, आणि लेखक त्यांना दुरुस्त करायला मध्ये कोठेही येत नाही. सांगणाऱ्याचे म्हणणे आणि पुस्तकाचे म्हणणे यांत पडणाऱ्या या अंतराला निवेदनातील अंतर म्हणतात. प्रौढ वाचकाला ते आपोआप जाणवते. दहा-अकरा वर्षांच्या वाचकाला बहुधा जाणवत नाही, कारण त्याच्या आजवरच्या गोष्टींत सांगणारा नेहमी खराच बोलत आला आहे.

एक बारीक गोष्ट पाहण्याजोगी आहे. ज्या मुलीसाठी मुकुंद रस्ते बदलतो आणि जी दिसली नाही तर ज्याचा दिवस फुकट जातो, ती मुलगी पुस्तकभर ‘शिरोडकर’ या आडनावानेच वावरते. हजेरीपटावरचे आडनाव हेच तिचे नाव. त्या काळच्या मुलामुलींच्या एकत्र वर्गात, एकमेकांशी बोलायची चोरी असताना, तेच स्वाभाविक होते. ज्या मुलीला आपण नावाने हाकही मारू शकत नाही तिच्याबद्दल मुकुंदाला नेमके काय ठाऊक असते? जवळजवळ काहीच नाही. तिच्या घरी काय चालते, ती कशाला घाबरते, तिला गणित आवडते की नाही, हे सारे त्याच्या कल्पनेवर सोडलेले आहे, आणि मोजक्या प्रसंगी ती बोलू लागते तेव्हा ती त्याच्या कल्पनेपेक्षा अधिक शहाणी निघते. ज्या मुलाला हे दिसते, त्याने कादंबरी वाचली असे म्हणावे. ज्याला केवळ ‘पोरगी पटते की नाही’ एवढीच उत्कंठा राहते, त्याने तिच्यातील प्रसंग वाचले, कादंबरी अजून वाचायची आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे याने मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांतील शेवटचा टप्पा साधारण अकरा-बारा वर्षांनंतर सुरू होतो. समोर नसलेल्या शक्यतांचा विचार करणे, एखादे विधान खरे धरून त्याचे परिणाम तपासणे, स्वतःच्या विचारांकडे जरा बाजूला होऊन पाहणे या क्षमता या टप्प्यात येऊ लागतात. त्या एका वाढदिवसाला उगवत नाहीत आणि सर्व मुलांत एका वेळी येत नाहीत, पण निवेदकावर संशय घेणे हे याच क्षमतांचे काम आहे. यावरून ‘शाळा’साठी सर्वसाधारणपणे आठवीचे दुसरे सत्र किंवा त्यानंतरची सुट्टी हा योग्य काळ ठरतो. सातवीतले एखादे मूल तयार असू शकते, आणि नववीतले एखादे नसूही शकते. सहावीत मात्र ही कादंबरी देण्यात फायदा नाही. बिघडण्याची भीती हे त्याचे कारण नसून, पुस्तक वाया जाते हे आहे. एकदा ‘वाचून झाले’ असे मनात नोंदवले गेलेले पुस्तक मुले पुन्हा सहसा हातात घेत नाहीत.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला शिव्यांचा. ‘शाळा’मधील मुले आपापसांत बोलतात तशीच बोलतात, आणि परळ-लालबागच्या कोणत्याही गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला त्या भाषेत नवे असे फार काही सापडणार नाही. छापील पानावर ती पाहिल्याने ती अधिकृत झाली असे मुलाला वाटेल, ही शंका रास्त आहे. तिचे निरसन मात्र सोपे आहे, कारण मुकुंद घरात, वर्गात आणि अड्ड्यावर तीन वेगळ्या भाषा बोलतो, आणि हे मुलाच्या लक्षात आणून दिले की तेवढे पुरते. या आक्षेपावर जितका वेळ खर्च होतो तितका करण्याची त्याची योग्यता नाही.

दुसरा आक्षेप शरीराविषयीच्या कुतूहलाचा आणि प्रेमाचा. याबाबत मराठीतीलच एक जुना खटला पालकांना ठाऊक असावा. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही दीर्घकथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. त्या निकालात किशोरवयीन वाचकांचा विचार स्वतंत्रपणे झाला होता. स्त्री-पुरुष संबंधांचा केवळ उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरांना वर्ज्य मानायची असेल, तर त्यांना धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचताच येणार नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने तेव्हा नोंदवले. ‘श्यामा’ मुलांच्या हाती द्यावी असा याचा अर्थ अर्थातच नाही. कायद्याने निर्दोष असणे आणि एका ठरावीक वयाला योग्य असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पण उल्लेख आणि उद्दीपन यांत त्या निकालाने जो भेद केला, तो घरातील निर्णयालाही उपयोगी पडतो. ‘शाळा’मध्ये उल्लेख आहेत, अर्धवट कळलेल्या गोष्टींची कुजबुज आहे, आणि ती जशी असते तशीच, भाबडी आणि जराशी हास्यास्पद, दाखवलेली आहे.

ज्या दोन बाबींवर खरोखर बोलले पाहिजे, त्या या आक्षेपांत सहसा येतच नाहीत. एक म्हणजे शाळेतील मार. कादंबरीतील शिक्षक मारतात आणि तो मार त्या जगात गृहीत धरलेला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, हे आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. नाहीतर आजी-आजोबांच्या ‘आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही घडलो’ या वाक्याला पुस्तकाचा पाठिंबा आहे असा त्याचा समज होतो. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. मुलीच्या वाटेवर थांबणे, तिच्या मागून चालणे, ती कोठे जाते याचा माग ठेवणे या गोष्टी अड्ड्यावरच्या मुलांना पराक्रम वाटतात. मुकुंदाच्या बाबतीत त्यांत निरागसता असते. मुलीच्या बाजूने मात्र त्यातील निरागस कोण आणि त्रासदायक कोण हे मागे वळून पाहिल्यावर ओळखता येत नाही. पाठलाग हा २०१३ पासून भारतीय फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला कलमे पाठ करायला लावू नयेत, पण ‘शिरोडकरला हे सगळे कसे वाटत असेल?’ हा एक प्रश्न त्याला जरूर विचारावा. मुलगी ही कादंबरी वाचत असेल, तर बहुधा तो प्रश्न तीच आधी विचारील.

मराठी घरांत पुस्तकांची योग्यता कशी ठरते, याचेही थोडे परीक्षण येथे आवश्यक आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि ती चौथीच्या मुलालाही निःशंकपणे दिली जाते. तिच्यात कर्जाने मोडत जाणारे घर आहे, सावकाराच्या माणसाकडून होणारा अपमान आहे, पोहायला घाबरणाऱ्या मुलाला आईने दिलेला मार आहे आणि अखेर आईचा मृत्यू आहे. राम पटवर्धन यांनी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या कादंबरीचा ‘पाडस’ हा जो अनुवाद केला, तोही मुलांसाठी उत्तम म्हणून शिफारशीत असतो आणि तो उत्तमच आहे. पण त्यात मुलाला स्वतः वाढवलेल्या हरणाच्या पाडसावर स्वतःच गोळी झाडावी लागते. या दोन्ही पुस्तकांतील दुःख ‘शाळा’तील विरहाहून कितीतरी जड आहे. तरीही ती बिनधास्त दिली जातात आणि ‘शाळा’ कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते, यावरून असे दिसते की मुलाने मृत्यूला सामोरे जावे याला आपली हरकत नसते, त्याने वर्गातील मुलीकडे पाहावे याला असते. नुकतेच घरात कोणी गेले असेल तर त्या वर्षी ‘पाडस’ बाजूला ठेवण्यात शहाणपण आहे. शिव्या मोजण्यापेक्षा अशा गोष्टींवर नजर असावी.

मध्य आणि दक्षिण मुंबईच्या घरांपुरती एक व्यावहारिक बाब. लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींतील एका खोलीच्या घरांत, आणि पुनर्विकासानंतर मिळालेल्या लहान सदनिकांतही, मुलांचे पुस्तकांचे कपाट वेगळे नसते. दादरच्या छबिलदास गल्लीतील आयडियलमधून किंवा शिवाजी मंदिरातील मॅजेस्टिकमधून दहावीतल्या ताईसाठी आणलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी सहावीतल्या भावाच्या हातात असते, आणि तो ते गॅलरीत किंवा माळ्यावर बसून वाचतो. अशा घरात ‘हे तुझ्यासाठी नाही’ ही आज्ञा पाळली जाण्याची शक्यता शून्याच्या जवळपास आहे. उलट ती आज्ञाच पुस्तकाची जाहिरात ठरते. म्हणून बंदीपेक्षा क्रमाचा विचार करावा. ‘हे वाच, मग ते वाचू’ असे सांगितलेले मूल वाट पाहते, कारण वाट पाहण्याला मुदत असते.

दुसरी बाब माध्यमाची. शिवाजी पार्क आणि हिंदू कॉलनीपासून गिरगाव चौपाटीपर्यंतच्या मराठी कुटुंबांतील आजची बरीच मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. आठवीतला असा मुलगा इंग्रजीत पाचशे पानांची कादंबरी चार दिवसांत संपवतो आणि मराठीत मात्र जोडाक्षरांपाशी अडखळतो. भावनिकदृष्ट्या तो ‘शाळा’साठी तयार असतो, वाचनाच्या वेगाच्या दृष्टीने नसतो, आणि सुमारे तीनशे पाने पाहूनच दबकतो. तो तयार नाही असा अर्थ पालक लावतात, तो चुकीचा असतो. अशा वेळी पहिली चाळीस-पन्नास पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. बोकील यांचे निवेदन बोलीच्या लयीचे आहे, ते कानाला डोळ्यांपेक्षा सोपे जाते, आणि एकदा मुकुंदाचा आवाज कानात बसला की पुढची पाने मूल स्वतः ओढते. इंग्रजीत या वयासाठी विपुल लेखन आहे; आर. जे. पॅलेसिओ यांची ‘वंडर’ किंवा ज्युडी ब्लूम यांची मार्गारेट नावाच्या मुलीवरची १९७० ची कादंबरी ही त्यांतील परिचित नावे. ब्लूम यांच्या त्या कादंबरीत मासिक पाळीविषयी मोकळेपणाने लिहिले असल्यामुळे अमेरिकेतील शाळा-ग्रंथालयांतून ती हटवण्याच्या मागण्या वर्षानुवर्षे झाल्या, तेव्हा पुस्तकाची धास्ती ही केवळ आपल्याकडची रीत नव्हे. पण त्या पुस्तकांतील शाळा, बस, कॅफेटेरिया हे सारे दूरचे असते. आपल्या मराठीत, आपल्यासारख्याच शाळेत, असा एक मुलगा घुटमळतो आहे हे वाचण्याचा अनुभव निराळा असतो, आणि त्यासाठी थोडे कष्ट घ्यायला हरकत नाही.

प्रत्यक्ष निर्णय कसा घ्यावा? पालकाने आधी स्वतः कादंबरी वाचावी, ही अट टाळण्याजोगी नाही. अनेक वर्षांपूर्वीच्या नव्हे, या महिन्यातल्या वाचनावर विसंबावे, कारण तरुणपणी वाचताना वाचक मुकुंदाच्या बाजूने असतो आणि पालक झाल्यावर नकळत त्याच्या आई-वडिलांच्या बाजूला जातो. निर्णय घेताना या दोन्ही बाजू हाताशी हव्यात. त्यानंतर सुरुवातीचा भाग मुलासोबत वाचून पाहावा. त्या वेळी प्रश्न विचारू नयेत, फक्त मूल कशाला हसते इकडे लक्ष द्यावे. शिवी आली म्हणून हसणे हे कोणत्याही वयाचे हसणे आहे, त्यावरून काहीच कळत नाही. मुकुंद स्वतःला फार हुशार समजून काहीतरी गोंधळ घालतो तेव्हा मूल हसले, तर त्याला निवेदनातील अंतर कळू लागले आहे असे धरायला हरकत नाही. मूल हसत नसेल आणि ‘हा असं का वागतो?’ असे चिडून विचारत असेल, तरीही चालेल. निवेदकावर रागावणारा वाचक त्याच्या अधीन झालेला नसतो. पण मूल प्रत्येक गोष्टीवर मान डोलावत गेले, मुकुंदाचे शब्द घरात जसेच्या तसे वापरू लागले, तर पुस्तक काही महिने थांबवावे आणि तसे त्याला सरळ सांगावे.

वाचन चालू असताना होणाऱ्या गप्पा हा या साऱ्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि त्याचा आदर्श कादंबरीतच सापडतो. मुकुंदाचा नरूमामा त्याच्या प्रश्नांना हसण्यावारी नेत नाही, त्याला दटावत नाही आणि उपदेशाचा डोसही पाजत नाही. तो त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. प्रत्येक घरात नरूमामाचे काम आई-वडिलांनाच जमेल असे नाही. अनेक मुले हे विषय मावशीशी, काकाशी किंवा कॉलेजात जाणाऱ्या चुलतभावाशी अधिक मोकळेपणाने बोलतात, आणि आपले मूल आपल्याऐवजी मावशीशी बोलते याचे पालकांनी वाईट वाटून घेऊ नये. बोलण्याची जागाही समोरासमोरची नसलेली बरी. जेवणाच्या ताटावर उलटतपासणी सुरू झाली की मूल ‘छान आहे’ एवढे म्हणून विषय संपवते; भाजी निवडताना किंवा दादर स्टेशनपर्यंत चालत जाताना तेच मूल आपणहून बोलते.

आणीबाणीची पार्श्वभूमी मात्र आधीच समजावून द्यावी लागते, कारण ती कळली नाही तर कादंबरीतील मोठ्या माणसांची कुजबुज आणि धास्ती निरर्थक वाटू लागते. २५ जून १९७५ च्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली, ती मार्च १९७७ पर्यंत चालली, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले आणि विरोधी पक्षांचे नेते-कार्यकर्ते तुरुंगात गेले, एवढी चौकट पुरेशी आहे. तिला दक्षिण मुंबईतीलच एका व्यक्तीची जोड द्यावी. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या दुर्गा भागवत १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, तेथे त्यांनी आणीबाणीच्या विरोधात भूमिका घेतली आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्या ग्रंथालयाच्या, म्हणजे टाउन हॉलच्या, पायऱ्या मुलाने पाहिलेल्या असतात. पुस्तकांत बसणाऱ्या एका बाईंना बोलल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, हे ऐकल्यावर मुकुंदाच्या गावात लोक दबक्या आवाजात का बोलतात हे वेगळे सांगावे लागत नाही. गिरगाव-दादरच्या घरांत तो काळ पाहिलेले आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

‘शाळा’च्या आधी काय द्यावे, याचे उत्तर सुदैवाने मौजेच्याच यादीत आहे. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथांचे चार संग्रह, ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’, हे १९९४ ते २००४ या काळात आले. आई-वडिलांपासून दूर, बेळगावकडच्या सीमाभागातील एका गावी आजी-आजोबांकडे राहणारा लंपन मुकुंदापेक्षा लहान आहे, आणि मैत्रीण सुमीविषयी त्याला जे वाटते त्याला नाव देण्याच्या वयात तो अजून आलेला नाही. तोही स्वतःच सांगतो, त्याचेही सांगणे भाबडे आहे, पण त्यातील अंतर वाचकाला बोचत नाही, गुदगुल्या करते. सहावी-सातवीत ‘वनवास’ वाचलेल्या मुलाची निवेदकाकडे पाहण्याची नजर तयार झालेली असते. कानडी वळणाचे काही शब्द अडतील, ते अडू द्यावेत. २०२४ मध्ये ‘लंपन’ या नावाने आलेली मालिका पाहिलेल्या मुलांना सुरुवात सोपी जाते. ‘शाळा’च्या नंतर, नववी-दहावीत, आनंद यादव यांची ‘झोंबी’ द्यावी. शिकण्यासाठी बापाशी झगडावे लागणाऱ्या कागलच्या मुलाची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ ची आहे, ती बरीच दाहक आहे, आणि शाळेत जायला मिळणे हीच एखाद्याची सारी लढाई असू शकते हे मुकुंदाच्या जगातून आलेल्या वाचकाला तीत दिसते.

मुलींच्या बाजूने पाहता ही शिडी लंगडी आहे, हे मान्य केले पाहिजे. लंपन, मुकुंद, ‘झोंबी’चा नायक हे सारे मुलगेच, आणि मुलगी प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांतून दिसणारी. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ या पुस्तकाला २०२२ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ते वाचनीय आहे, पण ते धाकट्या वयाचे आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मराठी मुलीने स्वतः सांगितलेली, ‘शाळा’च्या ताकदीची कादंबरी मराठी वाचकांच्या सहज ओठांवर येत नाही. ती येईपर्यंत मुलींनी ‘शाळा’ वाचावीच. शिरोडकरच्या बाजूने एखादे प्रकरण लिहून पाहण्याचे आमंत्रण त्यांना द्यावे, आणि ते मुलग्यांनाही द्यावे. मुलग्यांना ते जास्त अवघड जाते, म्हणूनच.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. सुजय डहाके यांचा ‘शाळा’ हा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. वर्गात तो दाखवण्याचा मोह होतो, पण तो पुस्तकानंतर दाखवावा. पडद्यावर मुकुंद इतरांसारखा बाहेरून दिसतो, त्याचे आतले बोलणे उरते ते थोडके, आणि चेहरे एकदा ठरले की वाचताना दुसरे चेहरे येत नाहीत. दुसरी गोष्ट, कादंबरी पूरक वाचनाला लावली तरी तिच्यावर चाचणी घेऊ नये. शाळेच्या ग्रंथालयात प्रती नसतील, तर दादर पूर्वेला नायगाव येथील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पश्चिमेकडचे दादर सार्वजनिक वाचनालय जवळ आहे. पालकाच्या नावावरच्या सदस्यत्वावर एका वेळी ‘वनवास’ आणि ‘शाळा’ अशी दोन्ही पुस्तके घरी आणावीत, टेबलावर शेजारी शेजारी ठेवावीत आणि मूल आधी कोणते उचलते ते पाहावे. ‘शाळा’ उचलून वीस पानांत खाली ठेवली, तर ती मुकाट्याने परत करून पुढच्या वर्षी पुन्हा आणावी.